आधी हळू वाजवून बघा

बाबांच्या वहीत पहिला रकाना आवाजांचा होता. कुठल्या कीबोर्डात किती आवाज आहेत हे त्यांनी ठळक अक्षरात लिहून ठेवलं होतं, आणि त्या हिशोबात यामाहाचा पीएसआर-ई373 सगळ्यांच्या पुढे होता: 622 आवाज, 205 ताल. दुसरा रकाना पट्ट्यांचा, तिसरा वजनाचा. निवृत्त झाल्यावर पियानो शिकायचा हे त्यांनी बरीच वर्षं मनात धरलं होतं. क्लास ठरला होता, वाद्य तेवढं घ्यायचं राहिलं होतं. ते काम माझ्याकडे आलं, कारण एखादी वस्तू घेण्याआधी तासन्‌तास ताडून बघण्याचं वेड घरात मलाच आहे.

शिकवणारी मुलगी माझ्याहून लहान आहे. ती बाबांना काका म्हणते, आणि बाबा तिला थोडं गमतीत, थोडं खरोखरच, बाई म्हणतात. वही तिच्यासमोर ठेवली. तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि मग विचारलं, "काका, यात टचचा रकाना कुठे आहे?"

"टच म्हणजे?"

"पट्टी हळू दाबली तर आवाज हळू येतो का, आणि किती हळू येतो."

बाबांना प्रश्नच कळेना. आवाज कमी करायला बटण असतंच की! तिने हसून मान हलवली आणि म्हणाली, "बटणाने सगळाच आवाज कमी होतो हो. एक सूर मोठा आणि त्याच्या शेजारचा लहान, हे बोटालाच करावं लागतं."

पुढची सगळी शोधाशोध या एका वाक्याभोवती फिरली, म्हणून ते जरा उलगडून सांगते. पेटीवर पट्टी कशीही दाबा, आवाजाचा जोर भात्यावर ठरतो. पाइप ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं तारांचं वाद्य) यांनाही बोट हलकं पडलं की जड, याने फारसा फरक पडत नाही. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो हे जे वाद्य बनवलं, त्यात पट्टी दाबली की एक हातोडी उडून तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. हातोडीचा वेग बोटाच्या वेगावर अवलंबून. पियानोचं सगळं शिक्षण या वेगावर ताबा मिळवण्याचं असतं. डाव्या हाताची साथ मागे ठेवायची, उजव्या हाताची धून पुढे आणायची, ओळीचा शेवटचा सूर अलगद सोडायचा. वाद्याने हा फरक दाखवलाच नाही, तर बोट तो शिकणार कसं?

डिजिटल वाद्यात तारही नसते आणि खरी हातोडीही नसते. बहुतेकांत प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. मध्ये किती वेळ गेला ते यंत्र मोजतं आणि त्यावरून जोर ठरवतं. इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी जोडायच्या, 1983 मध्ये आलेल्या मिडी पद्धतीत या जोराला 1 ते 127 असे आकडे आहेत. काही वाद्यांत तिसरा सेन्सरही असतो. त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधी पुन्हा दाबली तरी सूर वाजतो. जलद पुनरावृत्तीला ते उपयोगी. नवशिक्याला लगेच जाणवेल असं नाही.

दुकानात गेल्यावर हे सगळं मागे पडतं. विक्रेत्याने पहिल्यांदा डेमोचं बटण दाबलं. अख्खा वाद्यवृंद सुरू झाला आणि बाबांचा चेहरा उजळला. मग त्याने ताल लावला, एका बोटाने डाव्या बाजूची पट्टी दाबली आणि गिटार, बास, ढोलकं सगळं मागून आलं. वाजवत यंत्रच होतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं आपणच वाजवतोय. ज्याला गाण्याला साथ करायची आहे, कार्यक्रमात एकट्याने बँडची जागा भरायची आहे, त्याला अशा कीबोर्डासारखं दुसरं काही नाही, हे मी प्रामाणिकपणे म्हणते. बाबांना ते करायचं नव्हतं.

बाईंनी आम्हाला एक परीक्षा सांगून पाठवलं होतं. ती करून बघायला वाद्य वाजवता यावं लागत नाही, म्हणून कोणालाही करता येईल. आधी रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम, बंद करायचा. शोरूममध्ये तो बऱ्याचदा भरपूर लावून ठेवलेला असतो आणि त्यात काहीही गोड लागतं. आवाज मध्यावर ठेवायचा. मग मधली एक पट्टी जमेल तितक्या हळू दाबायची. पुन्हा दाबायची. तितकाच हळू आवाज दर वेळी येतोय का ते ऐकायचं. काही कीबोर्डांवर हळू दाबलं की एकदा सूर यायचा, एकदा यायचाच नाही, आणि मधूनच एखादा मोठ्याने यायचा. मग तोच सूर अगदी हळूपासून मोठ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी चढवायचा. चांगल्या वाद्यात फक्त आवाज वाढत नाही, सुराचा पोतही बदलतो. हळू वाजवलेला सूर मऊ आणि गोल, जोरात वाजवलेला टणक आणि चकचकीत. स्वस्त यंत्रात बऱ्याचदा एकच सूर कमी-जास्त होतो.

त्यानंतरची पायरी बहुतेकांना सुचत नाही. पट्टी बाहेरच्या कडेला न दाबता आत, काळ्या पट्ट्यांच्या मध्ये दाबून बघायची. पट्टी आतल्या बाजूला एका टेकूवर झुलते. तो टेकू जवळ असेल तर आत दाबताना पट्टी एकदम जड होते आणि हळू वाजवणं जवळपास अशक्य होतं. दोन काळ्या पट्ट्या वाजवताना अंगठा आपोआप आतच जातो, तेव्हा हा त्रास पहिल्या काही महिन्यांतच सुरू होतो. आडव्या-उभ्या मापांत फारसा फरक नसलेल्या दोन वाद्यांत इथे मोठा फरक सापडला.

या परीक्षेत वाद्यं आपोआप तीन गटांत पडली. पहिला, ज्यांत टचच नाही. कसंही दाबा, आवाज तोच. यामाहाचा पीएसआर-एफ51 असा आहे, आणि तो तसा असल्याचं माहितीपत्रकात दडवलेलंही नाही, फक्त आपण बघत नाही. दुसरा गट टच असलेला, पण पट्ट्या स्प्रिंगवरच्या. पीएसआर-ई373 इथला. यावर पहिले काही महिने शिकता येतं, बाईही नाही म्हणत नाहीत. तिसरा गट हॅमर ॲक्शनचा. यात प्रत्येक पट्टीला खरोखरचं छोटं वजन जोडलेलं असतं, ते बोटाबरोबर उचललं जातं आणि स्वतःच्या वजनाने परत पडतं. बहुतेकांत डावीकडच्या पट्ट्या थोड्या जड आणि उजवीकडच्या हलक्या असतात, कारण खऱ्या पियानोत खालच्या सुरांच्या हातोड्या मोठ्या असतात. 'सेमी-वेटेड' असं लिहिलेलं दिसलं तर ते दुसऱ्या गटाचंच भावंड समजायचं.

माझी काळजी वेगळी होती. बाबांच्या बोटांचे सांधे सकाळी आखडतात. जड पट्ट्यांनी ते दुखावले तर? मेनूमध्ये 'टच: लाइट' असा पर्याय असतो हे वाचून मला हायसं वाटलं होतं, पण बाईंनी ते लगेच खोडून काढलं. त्या पर्यायाने पट्टी हलकी होत नाही. तेवढ्याच जोराला मोठा आवाज मिळतो, एवढंच. वजन आहे तेच राहतं. म्हणून माणसाने स्वतः बसून, सलग थोडा वेळ वाजवून बघायला हवं. खऱ्या पियानोची पट्टी खाली जायला साधारण 50 ग्रॅम वजन पुरतं. आखडणारी बोटं त्याने सहसा दुखत नाहीत. दुखतात ती मनगट ताठ ठेवून, बोटं आपटून वाजवल्याने. हे तिचं म्हणणं. बाबांनी डॉक्टरांनाही विचारून घेतलं.

आता पट्ट्यांची संख्या. खरं सांगायचं तर माझं सगळ्यात जास्त वाचन इथे झालं, आणि ते वाचताना मजाही आली. पियानोला 88 पट्ट्या, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. कीबोर्डाला बहुधा 61. बाबांचा युक्तिवाद असा, की मोझार्टच्या काळातल्या पियानोला तरी कुठे 88 होत्या? ते बरोबर आहे. व्हिएन्नाचा आंतोन वाल्टर जे पियानो बनवायचा आणि मोझार्टकडे जो होता, त्याची व्याप्ती पाच सप्तकांची. मोजल्या तर पट्ट्या 61 च भरतात. तर मग 61 पुरे की!

पण त्या 61 आणि या 61 एकाच जागेवर नाहीत. वाल्टरचा पियानो खालच्या एफ या सुरापासून सुरू होऊन वरच्या एफला संपतो. आजचा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड सी या सुरापासून सुरू होतो आणि सीला संपतो. म्हणजे मोझार्टला मिळत असलेले सगळ्यात खालचे सात सूर इथे गायब, आणि वर त्याच्याकडे नसलेले सात सूर हजर. बाबांनी हे वहीत चौकट काढून लिहून घेतलं. नवशिक्याच्या पहिल्या पुस्तकांना पाच सप्तकं भरपूर होतात, त्यामुळे अडचण पहिल्या वर्षाची नाही. पण हॅमर ॲक्शन हवी असेल तर वाद्यं जवळजवळ सगळी 88 चीच मिळतात, तेव्हा हा वाद आपोआप मिटला. पट्ट्या बारक्या असलेली छोटी वाद्यं मात्र पहिल्याच फेरीत बाजूला काढा. हाताला अंतरांची सवय लागते. सप्तकाची रुंदी साधारण साडेसोळा सेंटीमीटर असते, ती बदलली की बोटं पुन्हा शिकवावी लागतात.

पट्ट्यांखाली दिवे लागणारा एक प्रकार बाबांना फार आवडला होता. दिवा लागेल ती पट्टी दाबायची. बाईंचं मत एका शब्दाचं होतं: "नको." नजर नोटेशनवर हवी, हातांवर नव्हे. मला वाटतं एखाद्या लहान मुलाला गोडी लावायला ते चालेल. बाबांना गोडी आधीच लागली होती.

पॉलिफनीवर मी उगीचच खूप वेळ घालवला असता, पण बाईंनी तो प्रश्न पाच मिनिटांत निकाली काढला. एका वेळी किती सूर वाजू शकतात तो हा आकडा. बोटं दहाच, मग 64 कशाला, असं वाटतं. पण पेडल दाबून धरलं की आधीचे सूरही वाजत राहतात, आणि स्टीरिओ आवाजात एका सुराचे दोन मोजले जाऊ शकतात. 64 वर सुरुवातीची वर्षं निघतात. त्याहून जास्त मिळाले तर चांगलंच. त्यासाठी टचमध्ये तडजोड करू नये.

सेकंडहँडही एक बघितलं. मालक माणूस भला होता, वाद्य दिसायला नवं होतं. एकेक पट्टी डावीकडून उजवीकडे आधी हळू, मग जोरात वाजवली, तेव्हा मधल्या भागातल्या दोन-तीन पट्ट्या हळू दाबल्या तरी ओरडत होत्या. पट्टीखालच्या रबरी संपर्कात धूळ गेली किंवा ते झिजले की असं होतं. साफ करून कधी कधी सुधारतं, पण त्यासाठी अख्खं वाद्य खोलावं लागतं. शिवाय ॲडॉप्टर मूळचा नव्हता. व्होल्टेज जुळलं तरी पिनेची धन-ऋण बाजू कंपनीगणिक वेगळी असू शकते, हे मला माहीत होतं म्हणून आम्ही वाद्यावरची खूण आणि ॲडॉप्टरवरची खूण ताडून मगच लावलं. घेतलं नाही. सेकंडहँड घेऊच नये असं नव्हे; हॅमर ॲक्शनचं नीट वापरलेलं वाद्य नव्या स्प्रिंगवाल्यापेक्षा मी केव्हाही घेईन.

यादीत शेवटी चार नावं उरली: यामाहाचा पी-145, रोलंडचा एफपी-10, कावाईचा ईएस120 आणि कॅसिओचा सीडीपी-एस110. चारही 88 पट्ट्यांचे, चारही हॅमर ॲक्शनचे. यातला कुठलाही घेतला असता तरी बाईंची हरकत नव्हती. कॅसिओ बॅटरीवरही चालतो, ही गोष्ट मला मोहात पाडत होती. बाबांनी चौघांवर तोच एक हळू सूर वाजवला. एफपी-10 वर त्यांनी पट्टी अगदी सावकाश दाबली आणि थांबले. पुन्हा दाबली. मग विक्रेत्याला म्हणाले, "ही पट्टी मध्ये कुठेतरी अडकतेय."

सगळ्याच पट्ट्या तशा होत्या. खऱ्या पियानोत तारेवर आदळण्याच्या जरासं आधी हातोडी पट्टीच्या ढकलीतून सुटते. सुटली नाही तर ती तारेलाच दाबून बसेल आणि सूर गुदमरेल. त्या सुटण्याचा एक बारीक खटका बोटाला जाणवतो. या वाद्यात तो मुद्दाम घातला आहे आणि नेहमीच्या वेगाने वाजवताना तो कळतही नाही. विक्रेत्याला हे सांगता आलं नाही, त्याने दुसरा नग काढून देण्याची तयारी दाखवली. मी तिथूनच बाईंना फोन लावला. तिचं ऐकून झाल्यावर बाबा परत बसले आणि तो खटका शोधत राहिले, मागे ताटकळणारे लोक विसरून. तेव्हाच मला कळलं की कुठलं वाद्य घरी येणार.

त्यात आवाज 15 आहेत. 622 वरून 15 वर आलेला माणूस वहीतला पहिला रकाना कसा खोडतो ते बघण्यासारखं होतं: फूटपट्टी लावून, एक सरळ रेघ. बटणंही थोडीच. एक बटण धरून ठेवून ठरावीक पट्टी दाबली की आवाज बदलतो, लय धरायला टिकटिक करणारा मेट्रोनोम लागतो. बाबांनी त्याचा तक्ता कागदावर करून समोर लावलाय. मेट्रोनोम मात्र रोज लागतो. 205 तालांपेक्षा ही टिकटिक कामाची, असं बाई म्हणतात आणि बाबांना ती अजिबात आवडत नाही.

घरी आल्यावर उरलेल्या गोष्टी कळल्या. वाद्याचे स्पीकर लहान आहेत. सगळ्यात डावीकडची पट्टी 27.5 हर्ट्‌झची, असे छोटे स्पीकर तो मूळ सूर नीट काढू शकत नाहीत, आपण ऐकतो ते त्याचे वरचे स्वर. हेडफोन लावले की खालचे सूर एकदम भरदार होतात. हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथवर बोट पडल्यानंतर आवाज यायला जो क्षणभर उशीर होतो, तो गाणी ऐकताना कळत नाही, वाजवताना असह्य होतो. आणि हेडफोन लावले म्हणजे घरात शांतता, असंही नाही. वजनदार पट्ट्या खाली आदळतात त्याचा धपधप आवाज बाहेरच्यांना ऐकू येतो, आणि पायांतून जमिनीत उतरतो. आम्ही स्टँडखाली जाड रबरी चटई घातली, फरक पडला.

पेडल सोबत आलं, ते म्हणजे साधं चौकोनी स्विच आहे. गुळगुळीत फरशीवर पाय ठेवताक्षणी पुढे पळतं. सध्या पेडल शिकवायचंच नाहीये म्हणून कोणी मनावर घेतलेलं नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: अनेक वाद्यं चालू होताना पेडल कुठल्या जातीचं आहे ते तपासतात. त्या वेळी पाय पेडलवर असेल तर सगळं उलटं होतं, पाय काढला की सूर लांबतात आणि दाबला की तुटतात. बंद करून, पाय दूर ठेवून पुन्हा चालू केलं की ठीक.

उंचीचा घोळ अजून पूर्ण मिटलेला नाही. सुरुवातीला वाद्य टेबलावर ठेवलं होतं. टेबल साधारण 75 सेंटीमीटर उंच, वर वाद्याची जाडी. खऱ्या पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून 72-73 सेंटीमीटरवर असतात. बाबांचे खांदे कानाला लागायला लागले. मग दुकानाने दिलेला एक्स आकाराचा घडीचा स्टँड लावला. तो खाली केला की पाय फाकतात आणि गुडघे त्यावर आपटतात, आणि जोरात वाजवलं की बारा किलोचं वाद्य डुलतं. कोपर पट्ट्यांच्या पातळीत यायला हवं, एवढीच बाईंची अट आहे. त्यासाठी उंची कमी-जास्त होणारं स्टूल हवं. ते आधी आलं आणि निम्मा प्रश्न सुटला. झेड आकाराच्या स्टँडची मापं बाबांनी वहीत नव्या पानावर लिहायला घेतली आहेत, रकाने आखून.